पान बघायला आले

रंगुबाईंची पानफुटी मी मारली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, गोष्ट लांबवून शेवटी कबुली द्यायची मला सवय नाही. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. बारामतीत मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं. पानफुटीच्या पानाची आकृती मी फळ्यावर न बघता काढायची: कडेच्या खाचा, खाचेतून फुटलेलं चिमुकलं रोप, त्याची मुळं, बाण, नावं. आणि तेच झाड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सात आठवड्यांत कुजलं. पण रंगुबाई कोण आहेत हे मला त्या कुजलेल्या झाडामुळे कळलं. सहा महिने भिंतीला भिंत लावून राहत होते, तोवर कळलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

आमचं घर बारामतीला लागून, जळोचीत. माझे यजमान केशवराव बँकेतून निवृत्त झाल्यावर इथे चार खोल्या बांधल्या. शेजारच्या दोन खोल्या रंगुबाईंच्या. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सरकारी नोकरी संपली आणि आठ दिवसांत त्या राहायला आल्या. टेम्पोत एक कपाट, एक पलंग, पुस्तकांची ट्रंक, बुद्धाची तसबीर. आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या रंगुबाईंच्या मांडीवर एक मातीची कुंडी. बुटक्या, ताठ, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं. पस्तीस वर्षं त्या इंदापूर तालुक्यात, निरवांगीला नर्स होत्या. गाव त्यांना नरसबाई म्हणायचं. यजमान लवकर गेले, रविंद्र हा एकच मुलगा, तो पुण्यात इंजिनिअर. एवढी माहिती मी पहिल्या दिवशी काढली आणि माझं काम झालं असं समजले.

नोव्हेंबरात त्या कुंडी घेऊन दारात उभ्या.

"बाई, एक पेशंट ठेवून घेता का? मोतीबिंदू काढायला रविंद्रकडं चाललेय. महिनाभर लागंल."

"ठेवा की. पानफुटी ना? तिला काय होतंय, दगडावर टाकली तरी जगते."

"जगती. पण ही मला पाहिजेच हाय." कुंडी हातात देताना त्यांनी ती क्षणभर सोडली नाही. "ज्योत्स्नाला दिवस गेलेत. मार्चात व्हईल. तिच्या बाळाला ह्यातलं पान द्यायचं हाय."

ज्योत्स्ना म्हणजे त्यांची सून. बाळाला झाडाचं पान कशाला, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

दोन आठवडे झाड छान होतं. मग खालचं एक पान पिवळं पडलं. नत्राची कमतरता, मी म्हणाले, आणि चमचाभर युरिया घातला. आणखी दोन पिवळी पडली. देठाशी पाणी भरल्यासारखी मऊ, उजेडाकडे धरली तर आरपार दिसणारी. मग पानांवर तपकिरी डाग आले. बुरशी, मी म्हणाले, आणि गंधकाची पूड मारली. जागा बदलली, कोमट पाणी घातलं, काडीने माती उकरली. केशवराव पेपरमागून म्हणाले, "अगं, त्याला जरा श्वास घेऊ दे." मी म्हणाले, बँकेतल्या माणसानं झाडात बोलू नये.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रंगुबाई परतल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डॉक्टरांनी वाकू नका, डोळ्यांना ताण देऊ नका असं बजावलेलं. मी कुंडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सरळ सांगितलं, "बिघडलंय. मला कळत नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडी जवळ ओढली आणि म्हणाल्या, "केसपेपर काढू. मला जवळचं दिसत न्हाय, तुमी लिवा."

"कसला केसपेपर?"

"पेशंटचा. लिवा. नाव, पानफुटी. वय पस्तीस. तक्रार?"

मी वहीचं पान फाडून माझंच आरोपपत्र लिहायला बसले.

"खालची पानं पिवळी पडून गळतात."

"वाळून गळत्यात का मऊ होऊन?"

"मऊ होऊन."

"कधीपासनं? नीट आठवा."

"डिसेंबरच्या सुरुवातीपासून."

"काय काय दिलं?"

युरिया, गंधक, सगळं सांगितलं. युरियाला त्यांनी नुसतं "हं" केलं.

"पाणी?"

"दिवसाआड एक तांब्या. मोजून."

"आणखी कोण घालतंय?"

"कोणी नाही. मी कुणाला हात लावू देत नाही."

त्यांनी मान वळवली. "बानूबाई हायेत का?"

बानूबाई आमच्याकडे धुणंभांडं करते. हात पुसत आली. "मी कशाला पाणी घालू तुमच्या झाडाला? मला काय कामं न्हाईत व्हय? नळ आला की निस्तं शिळं पाणी वततीया. हंडा, कळशी, पिंप रिकामं करायचं, ते काय गटारात घालू?"

"आणि तुमी, केशवराव?"

"मी तर बाजूनंसुद्धा जात नाही." केशवराव जरा थांबले. "गोळी घेतल्यावर पेल्यात उरतं, तेवढं."

"दिवसाला गोळ्या किती?"

"चार."

कोणी हसलं नाही, हसायला हवं होतं. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. नवं पाणी आलं की कालचं ते शिळं, आणि शिळं पाणी दिसेल त्या कुंडीत ओतून भांडी घासायची, ही इकडच्या घराघरांतली रीत. त्याला कोणी पाणी घालणं म्हणतच नाही. मीही म्हणत नव्हते. एकतीस वर्षं परासरण शिकवलेली बाई, आणि माझ्या डोळ्यांदेखत कळशी रिकामी होत होती, ती मला दिसली नव्हती. रंगुबाईंना काळ्या चष्म्यामागून दिसली.

"तीन जण वाढणारे," त्या म्हणाल्या, "आणि नको म्हणायला पेशंटला तोंड न्हाय."

मग त्यांनी झाड बघितलं, म्हणजे बोटांनी. प्रत्येक पान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबलं, बाळाचं पोट तपासतात तसं. हे गेलं. हे गेलं. हे बरं हाय. खोडाशी नाक नेता येईना, वाकायचं नव्हतं, म्हणून कुंडी दोन्ही हातांनी उचलून नाकापर्यंत आणली. "मुळं कुजलीत. वास येतोय." मला नव्हता आला. नंतर आला, एकदा त्यांनी सांगितल्यावर, साचलेल्या मोरीचा.

ब्लेड मागितलं, ते चुलीवर धरायला लावलं. खोड बुडापासून दोन बोटं वर कापलं आणि काप नाकाशी नेला. "आत डाग हाय का बघा." होता, मधोमध तपकिरी टिकली. आणखी दोन बोटं वर. "वास हाय." आणखी वर. "हाय." आणखी. शेवटी हातात शेंड्याचा बोटभर तुकडा उरला, त्यातही टिकली. त्यांनी तो खाली ठेवला. पस्तीस वर्षांचं झाड कागदावर सुपारीसारखं कातरून पडलं होतं.

तीन पानं चांगली निघाली. त्यांनी ती कोरड्या वर्तमानपत्रावर पसरली.

"पंधरा दिवस सावलीत. पाणी न्हाय, खत न्हाय, झाकायचं न्हाय. सारखं उचलून बघायचं न्हाय. मूल झोपलंय समजा."

मीच हट्टाने म्हणाले, माझ्याकडे राहू द्या, मला भरून काढू द्या. चौथ्या दिवशी पानं जराशी सुरकुतली. मला बघवेना. हलका शिडकावा केला आणि ओलं फडकं टाकलं, फक्त रात्रीपुरतं. आठव्या दिवशी तिन्ही पानांचा शेंबूड झाला होता.

मी त्यांच्या दारात गेले. "रंगुबाई, मी पाणी मारलं. तिन्ही गेली. नर्सरीतून आणून देते उद्या, कुठेही मिळते पानफुटी."

रंगुबाई खाटेवर बसल्या होत्या. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "बसा, बाई. नर्सरीतलं का चालत न्हाय, ते सांगते."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने लिहिते.

त्रेसष्ट साली त्या निरवांगीला रुजू झाल्या. वय तेवीस. घरानं छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर धर्म बदललेला, पण गावाच्या लेखी माणसं बदललेली नव्हती. दुसऱ्याच महिन्यात गोजरबाई नावाच्या बाईच्या घरून पहाटे बोलावणं आलं. सून म्हाळसा, सतरा वर्षांची, दोन दिवस अडलेली. सुईणीनं हात टेकलेले. अडल्यावेळी विटाळ कोण बघतो? रंगुबाईंनी बाळंतपण केलं, मुलगा झाला, दोघं जगली. हात धुवायला पाणी वरून ओतलं गेलं. तिसऱ्या दिवशी त्या बाळंतिणीला बघायला गेल्या तर गोजरबाई उंबऱ्यात उभी. "झालं न्हवं बाळातपण? आता तुझं काय काम?"

त्या परत फिरल्या. पाचव्या दिवशी म्हाळसाला ताप भरला. कळलं आठव्या दिवशी. बैलगाडीत घालून इंदापूरला नेली, तेव्हा पोरीला शुद्ध नव्हती. वाचली, ती थोडक्यात.

"तवा मी ठरवलं," रंगुबाई म्हणाल्या, "घरात घ्या नका घेऊ, मला बाळंतीण दिसली पाहिजे. भांडून दिसली नसती."

त्यांच्या खोलीत एक पानफुटी होती, पुण्याच्या ट्रेनिंगच्या होस्टेलमधून आणलेली. तिचं एक पान डब्यात लावून त्यांनी म्हाळसाला दिलं. सासूदेखत सांगितलं: हे बाळाच्या नावाचं, आईनंच सांभाळायचं, मी अधूनमधून बघायला येईन. मग चार दिवसांनी अंगणात उभं राहून हाक, "पान बघायला आले!" पान बघायला कुणाची हरकत असणार? म्हाळसा डबा घेऊन बाहेर यायची. ती दोन मिनिटं रंगुबाईंची. चालते कशी, पापण्यांच्या आत लाली आहे का, डबा देताना हात तापलेला आहे का, पदर दुधानं ओला आहे का कोरडा.

"आणि पान तर बोलतंच की, बाई. माती वाळून भेगाळली म्हणजे पोरगी उठलेलीच न्हाय. चिखल झाला म्हणजे सासू वततीया, सून आत पडून हाय. पानावर बोटभर धूळ असली म्हणजे हिला अंगणात यायला मिळत न्हाय. आमी डॉक्टर न्हाय. पण एवढं कळायचं."

त्यानंतर निरवांगीत आणि वाड्यावस्त्यांवर जितकी बाळंतपणं केली, प्रत्येक घरी एक पान. जात बघितली नाही, गरीब-श्रीमंत बघितलं नाही.

"किती झाली?"

"रजिस्टरात बाराशेच्या वर असतील."

मी चष्मा काढून पुसला. एकाच झाडाची बाराशे पानं. मी आयुष्यभर फळ्यावर एक पान काढत होते.

"आणि रविंद्रच्या वेळी?"

"माझ्या घरी पान बघायला कोण येणार व्हतं? न्हाय लावलं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "म्हणून ज्योत्स्नाच्या बाळाला ह्यातलंच पाहिजे व्हतं."

मी म्हणाले, "उठा. रविवारी निरवांगीला जायचं."

एसटी डेपोतून सकाळची गाडी धरली. रंगुबाई खिडकीशी, काळा चष्मा, मांडीवर रिकामी पिशवी. मी वाटेत फार बोलले असणार, मला गप्प बसवत नाही. गावात उतरलो आणि मी गप्प बसले.

पौषात पानफुटीला फुलं येतात. लांब दांडीला खाली तोंड करून लोंबणारी, फुग्यासारखी, हिरवट गुलाबी घंटांची झुंबरं. पुस्तकात एक ओळ आहे त्यावर. निरवांगीच्या पहिल्या गल्लीत शिरलो, तर ती झुंबरं कंपाउंडवरून लोंबत होती, तेलाच्या डब्यांतून, फुटक्या घमेल्यांतून, हापशाच्या ओट्याच्या कडेनं, शाळेच्या फाटकाशी, एका घराच्या पत्र्यावरसुद्धा. मी मोजायला लागले. तेवीसवर सोडून दिलं. प्रत्येक झाडामागे एक बाई होती जिला कुणी दोन मिनिटं नीट बघितलं होतं.

रंगुबाईंना यातलं काही विशेष वाटत नव्हतं. त्या रागावत चालल्या होत्या. "हे उन्हात करपलंय, लाल झालंय बघ, आत घे." "हे बोकड खातंय." "ह्याला किती वर्षं कुंडी बदलली न्हाय गं?" दारादारातून बाया बाहेर येत होत्या. पंचविशीतल्या, तिशीतल्या. "नरसबाई आल्या! आमचं पान बघा की!" बातमी आमच्यापुढे धावली होती. नरसबाईंना पान पाहिजे. एकमेकींना ढकलत, "आमच्यातलं घ्या," "तिचं कशाला, तिच्या झाडाला शेळी लागलीया," असा कल्ला.

"पहिल्या घरी जाऊ," रंगुबाई म्हणाल्या.

गोजरबाई ऐंशीच्या पुढच्या. सोप्यात भिंतीला टेकून बसलेल्या, नजर गेलेली, कान तेज. पावलावरून ओळखलं. "रंगू आली व्हय? ये, ये. म्हाळसे, च्या टाक."

चहाचं नवल नव्हतं. त्या घरातला उंबरा बहात्तरच्या दुष्काळातच मोडला होता, आणि रंगुबाई तिथे पंचवीसेक वर्षं चहा पीत होत्या. म्हाळसा पन्नाशी ओलांडलेली, जाडजूड, हसरी. आणि ते बाळ, सावळाराम, ट्रॅक्टरवरून उतरून आला, सहा फूट उंच. "मी आन् ह्ये झाड एका वयाचं," तो मला म्हणाला. झाड हौदाच्या कडेला माणसाच्या कमरेएवढं होतं.

"घे की," गोजरबाई म्हणाल्या. "पान कसलं, झाडच ने."

रंगुबाईंनी एक फांदी हातात घेतली, पानांच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं. मग दुसरी. बोटं एकमेकांवर घासली, चिकट. सावळारामला विचारलं, "मुंग्या हायेत का खोडावर?"

"हायेत. रांगच हाय."

"पानाच्या बगलेत पांढरा कापूस?"

"पिठ्या हाय, आत्या. द्राक्षाला पडतोय तसाच."

रंगुबाईंनी फांदी सोडली. "ह्यातलं न्हाय नेता येणार."

गोजरबाईंची मान वर आली. त्यांना दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. आवाज एकदम बारीक झाला. "तवा मी तुला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाय. म्हणून आता माझं पान घेत न्हाईस व्हय गं, रंगू?"

म्हाळसा कपबशी हातात घेऊन जागच्या जागी थांबली. छत्तीस वर्षं ते वाक्य त्या म्हातारीच्या पोटात होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं.

रंगुबाई म्हणाल्या, "आक्का, कीड पडलीया. कीड घिऊन बाळंतिणीच्या घरात जाऊ का? तुमीच सांगा." आणि मग सावळारामला, "बादली आण. कपडे धुवायचा साबण, आन् जुनं मऊ धोतर. आन् त्या मुंग्यांचं वारूळ बघ कुठं हाय, आधी त्या बंद व्हायला पायजेत. त्याच पिठ्या वर नेत्यात."

त्यांना वाकायचं नव्हतं. सावळारामनं फांद्या कापून सोप्यात आणल्या आणि रंगुबाई गोजरबाईंच्या शेजारी पाय पसरून बसल्या. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, पान वरून पुसायचं, खालून पुसायचं, बगलेत फडक्याचं टोक घालून तो पांढरा कापूस काढायचा. एकेक पान. थोड्या वेळानं गोजरबाईंनी हात पुढे केला. रंगुबाईंनी त्यांच्या हातात फडक्याचा एक तुकडा दिला. एकीला दिसत नाही, दुसरीनं डोळ्यांना ताण द्यायचा नाही. दोघी बोटांनी पानं पुसत बसल्या. तोवर आमची परतीची एसटी गेली.

दोन तासांनी रंगुबाईंनी त्या ढिगातून एक पान निवडलं. शेंड्याचं नाही, बुडाचं नाही, मधलं, जाड, कड अखंड. दाबून बघितलं, वास घेतला. मग ते गोजरबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"तुमच्या हातानं द्या, आक्का."

म्हातारीनं ते दिलं. रंगुबाईंनी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि म्हाळसाला म्हणाल्या, "आठवड्यानं परत पुसायचं. एकदा पुसून जात न्हाय ते." सावळारामनं आम्हाला ट्रॅक्टरवरून फाट्यापर्यंत सोडलं. साठी ओलांडल्यावर मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले, हे केशवरावांना अजून खरं वाटत नाही.

पान या वेळी रंगुबाईंच्या खोलीत, कपाटावर, वर्तमानपत्रावर. मला दारातून बघायची परवानगी होती. सुरकुतलं, मी जीभ चावली. आणखी सुरकुतलं. तेराव्या दिवशी त्यांनी हाक मारली, "बाई, तुमच्या दोन्ही डोळ्यांनी बघा आणि मला सांगा."

मी बघितलं. कडेच्या एका खाचेतून केसासारखी तीन पांढरी मुळं, आणि त्यांच्यावर मोहरीएवढी दोन पानं, जोडलेली. माती नाही, पाणी नाही. कागदावर रविवारची बातमी होती आणि त्या बातमीवर हे. माझी आकृती बरोबर होती, एकेक बाण बरोबर होता. पण मी कधी हे बघितलेलंच नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "फुटलं."

"किती?"

"एक. नाही, थांबा. पलीकडेही एक आहे."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रविंद्रचा फोन आमच्याकडे आला. मुलगी. दोघी सुखरूप. रंगुबाईंनी विटांचे बारीक तुकडे आणि वाळू घालून डबा भरला, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, बोटाएवढं रोप लावलं. मी त्यांना डेपोवर सोडायला गेले. डबा मांडीवर, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, काळा चष्मा गेलेला.

"आता महिनाभर राहा नातीजवळ," मी म्हणाले.

"छे. आठ दिवस. सासूनं ठाण मांडलं की पोरगी खरं सांगत न्हाय. मग दर पंधरवड्याला जात जाईन."

"कशाला म्हणून?"

"पान बघायला."

गाडी सुटायला आली. मी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. त्यांनी ती घेतली, डब्यापासून लांब, सीटच्या पलीकडच्या टोकाला ठेवली आणि मला विचारलं, "बाई, ही मला हाय न्हवं?"